इंग्लंडचा कालिदास

एकाच टेबलाभोवती तीन चेकॉव्ह बसलेले मी पाहिले आहेत.

काही वर्षांपूर्वी भाषांतरकारांच्या एका कार्यशाळेला गेलो होतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपण भाषांतर करत असलेल्या लेखकाची दोन मिनिटांत ओळख करून द्यायची होती. मल्याळममधून भाषांतर करणाऱ्या बाई म्हणाल्या, आमचे लेखक म्हणजे मल्याळमचे चेकॉव्ह. त्यांच्यानंतर उठलेल्या बंगाली गृहस्थांनी आपल्या कथाकाराला बंगालीचा चेकॉव्ह म्हटले. मग माझी पाळी आली. मी घरूनच एक वाक्य लिहून नेले होते, तेही हेच होते. ते वाचल्यावर सगळे हसले, मीही हसलो आणि आम्ही चहाला गेलो. आम्हा तिघांपैकी कुणीही इतर दोघांच्या लेखकाची एकही कथा वाचलेली नव्हती. चेकॉव्ह मात्र तिघांनीही वाचला होता, आणि तोही इंग्रजीतून.

तेव्हा ही गोष्ट गमतीची वाटली. तिची किंमत माझ्या लेखकाला मोजावी लागली, ते पुढे सांगतो. आधी त्या वाक्याकडे नीट पाहू.

इंग्रजीत हा साचा जुना आणि सोपा आहे. एक प्रसिद्ध नाव घ्यायचे, त्याच्यापुढे ‘द’ लावायचा, मागे ‘ऑफ’ आणि एखादा देश, भाषा किंवा गाव जोडायचे. द शेक्सपिअर ऑफ इंडिया. द मँचेस्टर ऑफ द ईस्ट. पाश्चात्त्य अलंकारशास्त्रात या प्रकाराला सतराव्या शतकातल्या व्होसियस नावाच्या डच पंडिताचे नाव दिलेले आहे. मराठीत आपण तो जसाच्या तसा उचलला: भारताचा शेक्सपिअर, पूर्वेचे ऑक्सफर्ड, महाराष्ट्राचे मँचेस्टर. व्याकरणात चूक काहीच नाही. पण मराठीत एक गोष्ट उघडी पडते, जी इंग्रजीत झाकलेली राहते. आपला ‘चा’ ज्याच्या मागे येतो त्याच्याकडे पाहत नाही, पुढच्याकडे पाहतो. शेक्सपिअर असेल तर ‘भारताचा’, ऑक्सफर्ड असेल तर ‘पूर्वेचे’. भारताने, पूर्वेने, महाराष्ट्राने आपले रूप पाहुण्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलून घ्यायचे. आणि ज्याची ओळख करून द्यायला आपण निघालो, तो कालिदास या शब्दांत कुठेच नाही. मालकाचे नाव न लिहिता भाडेकरूचीच पाटी दाराला लावावी, तसा हा प्रकार.

कुणी म्हणेल, विशेषनामाचा असा वापर मराठीला काही नवा नाही. खरे आहे. रागीट बापाला आपण जमदग्नी म्हणतो, भांडण लावणाऱ्याला नारद, झोपाळूला कुंभकर्ण. शकुनी तर प्रत्येक भावकीत एक असतोच. पण ‘आमच्या चाळीतला नारद’ असे कुणी म्हटले की ऐकणाऱ्याला नारदही ठाऊक असतो आणि चाळीतला तो माणूसही. नाव ऐकताच दोघांमधला समान गुण कळतो, आणि गुण कळला की नावाचे काम संपते. त्या नारदाला ओळखण्यासाठी आपण नारदावर अवलंबून नसतो. ‘मराठीचा चेकॉव्ह’ म्हणताना मात्र ऐकणाऱ्याला एकच बाजू माहीत असते. दुसरी बाजू त्याने पहिलीवरून ताडायची. लोकांच्या ओंजळीने पाणी प्यायचे, ते असे.

आता या साच्याच्या सर्वांत प्रसिद्ध उदाहरणाकडे येऊ. सर विल्यम जोन्स १७८३ साली कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आले. १७८९ मध्ये त्यांनी शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि प्रस्तावनेत कालिदासाला भारताचा शेक्सपिअर म्हटले. जोन्स यांना मी दोष देत नाही. त्यांचा वाचक लंडनचा होता. त्याने कालिदासाचे नावही ऐकलेले नव्हते, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करणे यात गैर काही नाही. पण त्याच प्रस्तावनेत आणखी एक प्रसंग आहे, आणि तो आपण विसरलो. ‘नाटक’ म्हणजे नेमके काय, हे जोन्स यांना बरेच दिवस कळेना. तेव्हा राधाकांत नावाच्या पंडिताने त्यांना समजावले की, तुमचे लोक हिवाळ्यात कलकत्त्यात जे खेळ जाहीरपणे करतात आणि ज्यांना ‘प्ले’ म्हणतात, त्याच जातीची ही रचना.

पंडितानेही तुलनाच केली. पण त्याने वस्तूची तुलना वस्तूशी केली: तुमच्याकडे जे रंगमंचावर होते, ते आमच्याकडेही होते. त्यात कुणी मोठा नव्हता, कुणी कुणाची आवृत्ती नव्हता. शिवाय तो नाटकाच्या बाजूने ‘प्ले’कडे गेला, म्हणजे स्वतःच्या घरातून निघून पाहुण्याच्या घरापर्यंत. आपण मात्र वारसा जोन्स यांच्या वाक्याचा घेतला, आणि तो लंडनच्या वाचकासाठी न वापरता स्वतःच्याच पोरांसाठी वापरला. बहुतेक अभ्यासक कालिदासाला चौथ्या-पाचव्या शतकात ठेवतात. शेक्सपिअर जन्मला १५६४ मध्ये. हजार वर्षांहून अधिक आधी होऊन गेलेला कवी नंतरच्याची स्थानिक शाखा ठरतो, आणि परीक्षेत त्याला एक गुण मिळतो.

परीक्षेतला दुसरा हमखास प्रश्न: भारताचा नेपोलियन कोणाला म्हणतात? उत्तर समुद्रगुप्त. हे नाव व्हिन्सेंट स्मिथ यांचे, त्यांच्या १९०४ च्या इतिहासग्रंथातले. समुद्रगुप्ताने पुष्कळ लढाया जिंकल्या, म्हणून नेपोलियन. पण अलाहाबादच्या स्तंभावर हरिषेणाने जी प्रशस्ती कोरवली, तिच्यात हा राजा कविराजही आहे. त्याच्या काही सोन्याच्या नाण्यांवर तो मांडीवर वीणा घेऊन बसला आहे. आपली ओळख नाण्यावर कशी उमटावी हे ज्याच्या हातात होते, त्याने वीणा निवडली. नेपोलियन या नावात तिला जागाच नाही. विद्यार्थी उत्तर बरोबर लिहितो आणि वीणेबद्दल त्याला कधीच काही कळत नाही.

या साच्यातला खरा खोट इथे आहे. तो दाखवायला परकी हत्यारे नकोत, शाळेतले अलंकार पुरेत. उपमेला चार अंगे लागतात: उपमेय, उपमान, साम्य दाखवणारा शब्द आणि साधारण धर्म, म्हणजे दोघांत समान असलेला गुण. ‘मुख चंद्रासारखे सुंदर’ म्हटले की सुंदरपणा हा साधारण धर्म. आता ‘भारताचा शेक्सपिअर’ घ्या. साम्य दाखवणारा शब्द नाही. उपमेय, म्हणजे कालिदास, बाहेर उभा. आणि साधारण धर्म कोणता? दोघांनी नाटके लिहिली, हा? मग भवभूती आणि शूद्रक यांनी काय केले? दोघे श्रेष्ठ, हा? मग श्रेष्ठत्व कशातले? या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागू नये म्हणूनच हा साचा इतका सोयीचा आहे. काही न सांगता खूप सांगितल्यासारखे वाटते. समीक्षकाचे सगळे काम त्या गाळलेल्या गुणात असते, आणि नेमके तेच हा साचा त्याच्या डोक्यावरून उतरवून ठेवतो.

गावांच्या बाबतीत तर हा खोट नुसता आळसाचा राहत नाही, तो इतिहासही पुसतो. अहमदाबाद, कानपूर, कोइम्बतूर, भिवंडी, इचलकरंजी: आपल्या देशात मँचेस्टरांची कमतरता नाही. १८९६ साली लँकेशरच्या गिरणीमालकांच्या दडपणाखाली सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनशुल्क बसवले. इथल्या कापडाला तिथल्या कापडापेक्षा वरचढ होता येऊ नये, हा त्यातला हेतू. हा कर जवळजवळ तीस वर्षे राहिला. ज्यांच्या सोयीसाठी आपल्या मागावर कर बसला, त्यांच्या शहराचे नाव आपण शाबासकी म्हणून छातीवर लावतो. तिकडच्या गिरण्या केव्हाच थंडावल्या. इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट आजही चालू आहे, पण गावाची ओळख मात्र थंडावलेल्या गिरण्यांवरून द्यायची.

पुण्याला पूर्वेचे ऑक्सफर्ड म्हणतात. त्याच पुण्यासाठी मराठीत दुसरा एक शब्दप्रयोग आहे, ‘विद्येचे माहेरघर’. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. माहेरघर म्हटल्यावर साधारण धर्म विचारावा लागत नाही. लेक जिथे हक्काने येते, जिथे तिला कुणी ‘का आलीस’ म्हणत नाही, ती जागा. विद्या इथे लेकीसारखी येते, असे त्या प्रयोगाचे म्हणणे आहे. ते म्हणणे खरे की खोटे, यावर वाद घालता येतो. घालायलाच हवा, कारण त्या माहेराची दारे सगळ्यांना सारखी उघडी नव्हती. भिडे वाड्यात १८४८ साली मुलींना शिकवायला निघालेल्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना या माहेराने काय वागणूक दिली, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे हा शब्दप्रयोग आपल्याला जाब विचारतो. ऑक्सफर्ड कसला जाब विचारणार? आणि विचारलाच, तर तोच अडचणीत येईल. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. धोंडो केशव कर्व्यांचे महिला विद्यापीठ पुण्यात निघाले १९१६ मध्ये. या एका मुद्द्यावर तरी पूर्व-पश्चिमेची पाटी उलटी फिरवावी लागेल.

पाटी उलटी फिरवणे, हीच माझी कसोटी आहे. संस्कृत अलंकारशास्त्रात ‘प्रतीप’ नावाचा अलंकार आहे. त्यात उपमान आणि उपमेय जागा बदलतात: मुख चंद्रासारखे न म्हणता चंद्रच मुखासारखा म्हणायचे. निव्वळ साम्य असेल तर वाक्य दोन्ही बाजूंनी उभे राहते. तेव्हा म्हणून पाहा: शेक्सपिअर हा इंग्लंडचा कालिदास. मँचेस्टर ही विलायतेची इचलकरंजी. नेपोलियन हा फ्रान्सचा समुद्रगुप्त, फक्त वीणा न वाजवणारा. हसू आले ना? मग ते हसू तपासा. जे वाक्य एका बाजूने गौरव वाटते आणि दुसऱ्या बाजूने विनोद, ते साम्याचे वाक्य नव्हे, ती उतरंड आहे. तिच्यात वर कोण आणि खाली कोण हे आधीच ठरलेले असते, आणि आपण गौरवाच्या नावाखाली खालची जागा सही करून स्वीकारत असतो.

आता आक्षेप. आमच्या परंपरेत हे नव्हते का? कवींना ‘अभिनव कालिदास’ म्हणत, बाराव्या शतकातला कन्नड कवी नागचंद्र ‘अभिनव पंप’ म्हणवत असे. दादोबा पांडुरंगांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर तर मराठी भाषेचे शिवाजी. मग इंग्रजीवरच राग का?

राग इंग्रजीवर नाही. ‘अभिनव’ या शब्दाकडे पाहा. तो काळाच्या रेषेवरचा शब्द आहे. नागचंद्र हा पंपाच्याच भाषेतला पुढचा कवी, त्याचा वारस. पंप वाचलेल्यांनीच त्याला ते नाव दिले, आणि वारशाला तो पात्र आहे की नाही हे तपासण्याची ऐपत त्यांच्यात होती. ‘ऑफ इंडिया’ हा स्थळाच्या रेषेवरचा शब्द आहे. त्यात वारसा नाही, फक्त शाखा आहे. मुख्य कचेरी दुसरीकडे. चिपळूणकरांच्या बिरुदात अहंकार असेल, पण मराठी वाचकाला शिवाजीही माहीत होता आणि निबंधमालाही. दोन्ही वजने त्याच्या हातात होती, तराजूही त्याचाच. दादोबांचे उदाहरण मात्र मला मान्य करावे लागते. त्यांच्या १८३६ च्या व्याकरणाची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. पाणिनी म्हटले की ही गोष्ट झाकली जाते. म्हणजे घरचे नाव लावले तरी साधारण धर्म विचारायची जबाबदारी सुटत नाही. नाव देशी की परदेशी, हा प्रश्न दुय्यम आहे. ते नाव विचार सुरू करते की थांबवते, हे पाहायचे.

आणि थांबवते तेव्हा काय होते, ते माझ्या लेखकाच्या बाबतीत झाले. ते जिल्ह्याच्या गावी राहणारे निवृत्त शिक्षक. त्यांची कथा ओसरीवर बसून सांगितल्यासारखी चालते. मध्येच आडवाट धरते, सोयरिकी सांगते, विहिरीची खोली सांगते, मग परत येते. त्या आडवाटांतच कथेचा जीव आहे. इंग्रजी भाषांतराच्या मागच्या पानावर माझेच वाक्य छापले गेले: मराठीचा चेकॉव्ह. पहिले परीक्षण आले. परीक्षक सहृदय होते, वाचून लिहिणारे होते. त्यांनी लिहिले की कथा चांगल्या आहेत, पण चेकॉव्हचा संयम इथे दिसत नाही, लेखक फार बोलतो. त्यांचे काय चुकले? मोजपट्टी मीच दिली होती, त्यांनी फक्त मोजले. जो गुण पाहून मी भाषांतराला हात घातला, तोच माझ्या एका वाक्याने दोष ठरला. उसन्या नावाचे व्याज असे वसूल होते, आणि ते घेणाऱ्याला भरावे लागत नाही, ज्याच्या नावावर घेतले त्याला भरावे लागते.

मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, चेकॉव्ह मोठा माणूस. मी वाचलाय थोडा. पण त्याला आमची विहीर काय ठाऊक?”

या नियतकालिकाचा वाचक अनेक भाषांत वावरणारा आहे, म्हणून शेवटची गोष्ट त्याच्यासमोर ठेवतो. या साच्याने आपले सर्वांत मोठे नुकसान इंग्रजी वाचकापुढे केलेले नाही, ते आपसात केले आहे. मराठी माणसाला तमिळ कथाकार समजावून सांगताना आपण मोपासाँ किंवा काफ्का आणतो. म्हैसूर ते कोल्हापूर हा रस्ता आपण प्रागवरून काढला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एकच उदाहरण पाहा. जी. ए. कुलकर्णींची कथा नियतीबद्दल बोलते, म्हणून त्यांच्याभोवती परदेशी नावे घोटाळू लागतात. पण जी. ए. राहत होते धारवाडला आणि तिथेच इंग्रजी शिकवत होते. त्याच धारवाडात द. रा. बेंद्रे राहत होते. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते झाले कन्नडचे महाकवी. एका गावात एक माणूस मराठी घरातून कन्नडमध्ये गेला, दुसरा कन्नड मुलखात राहून मराठीत लिहीत राहिला. बेंद्र्यांना १९७३ चा ज्ञानपीठ, आणि त्याच वर्षी ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी. जी. ए. हे मराठीचे बेंद्रे आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. दोघांत फारसे साम्य नसेलही. पण जी. एं.ची ओळख करून देताना धारवाडपासून सुरुवात केली तर कन्नड वाचक पुढे सरकून बसेल, आणि मराठी वाचक बेंद्र्यांचे नाव लिहून घेईल. एका ओळखीत दोन लेखक पदरी पडतील. काफ्कापासून सुरुवात केली तर दोघेही, ओळखीचे आहे म्हणून, मान डोलावतील आणि पुस्तक मिटतील.

साच्यावर बंदी घाला असे माझे म्हणणे नाही. बाजारात पुस्तक मांडायचे तर दोन शब्द ओरडावे लागतात. पण ओरडण्याआधी तीन गोष्टी करता येतात. वाक्य उलटे फिरवून पाहावे. हसू आले तर खोडावे. कोणता गुण समान, ते त्याच वाक्यात लिहावे. लिहिता येत नसेल तर तुलना अजून झालेलीच नाही. आणि परदेशी नाव घेण्याआधी शेजारच्या भाषेत एकदा डोकावून यावे. तिथे कुणी ओळखीचे सापडले नाही, तर ती आपल्या वाचनातली उणीव आहे. तिची भरपाई लेखकाकडून घेऊ नये.

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकाला मी नवे वाक्य पाठवले: ‘या कथा ओसरीवर बसून सांगितलेल्या आहेत, सांगणाऱ्याला घाई नाही, आणि विहीर किती खोल आहे हे त्याला माहीत आहे.’ प्रकाशकाचे उत्तर आले की वाक्य छान आहे, पण वाचकाला पटकन कळेल असे काही एखादे नाव घालता येईल का.

मी त्या मल्याळम बाईंना पत्र लिहिले. तुमच्या लेखकाची एक कथा मला सांगा, म्हटले, इंग्रजीत नसली तरी चालेल, हिंदीत सांगा. त्यांनी फोनवर पाऊण तास सांगितली. तिच्यातही आडवाटा होत्या, आणि सांगणाऱ्याला घाई नव्हती. आता मी प्रकाशकाला एक नाव कळवणार आहे, त्या मल्याळम लेखकाचे. वाचकाला ते पटकन कळणार नाही. त्याने विचारावे, हे कोण? मग मी सांगेन.